चाळीस मजले म्हणाले, बत्तिसावरच थांबले

आज मंगळवार, १२ जानेवारी २०१०, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी इथे आखातात, अल मजाज भागातल्या आमच्या बाल्कनीसमोरच्या टॉवरची क्रेन उतरवायला सुरुवात झाली. मजले झालेत बत्तीस. पाटीवर लिहिलेत चाळीस.

मंडळी, ही इमारत मी पायापासून पाहतेय. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा जरासा वळलेला, म्हणजे चाळिसावा थेट पलीकडच्या खाडीच्या पाण्याकडे तोंड करणार होता. २००८च्या मंदीत वर्षभर काम बंद होतं, तरी माझा सकाळचा चहा तिच्यासमोरच झाला. इतकं देखणं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

तिथले इंजिनिअर देशपांडे आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांना लिफ्टमध्ये गाठलं.

"काकू, खलास. मालकांनी आठ मजले कमी केले. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्या आलं ना. मान अर्धी वळवून कुणी उभं राहतं का?"

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पहिल्या मजल्यापासून मीच वळवत आणलीय हो तिला."

मालकांच्या ऑफिसात मी पत्र देऊन आलेय. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांनी लेखी कळवावं: बिचारीनं आता जन्मभर समोरच्या पार्किंगकडेच पाहायचं का?