आडाचं झाकण

फळझाडांचा मला मनापासून राग आहे. स्टो बिघडला तर खोलून बघता येतं. झाड मात्र ढिम्म उभं राहतं आणि आपल्यालाच मूर्ख ठरवतं.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी जिंतूरकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. शाळा सुटली की ओसरीवर माझी दुरुस्ती सुरू व्हायची. स्टो, कंदील, फवारणीचे पंप, कुलपं. आम्ही बौद्ध झालो त्याला पंधरा-वीस वर्षं होऊन गेली होती. गावातले शेतकरी पंप माझ्याकडूनच नीट करून घेत, पण पाण्याचा तांब्या पुढं केला की त्यांना तहान नसायची. मीही मग त्यांना मुद्दाम तीन-तीन खेपा घालायला लावायचो.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा परसात झाडांचा ताप. पपई नर निघाली. पेरूत अळ्या. लिंबाला नुसते काटे. सगळ्यात छळलं ते परभणीहून आणलेल्या मोसंबीनं. सात वर्षांची झाली, अंगानं भरली, पण फळाचं नाव नाही.

मोसंबीला ताण द्यावा लागतो. हिवाळ्यात पाणी तोडायचं, मुळ्या उघड्या करायच्या आणि पानं पिवळी पडून गळायला लागली की मगच पाणी सोडायचं. झाड मरणाला भ्यालं की फुलतं. मला ही रीत फार आवडायची. तीन हिवाळे ताण दिला आणि तिन्ही वाया गेले. चौथ्या हिवाळ्यात बुंध्याशी ओल दिसली. त्या ओलीत माझ्या आईची पावलं उमटली होती.

"लेकराचं तोंड वाळलंय," ती म्हणाली. "घोटभर टाकलं तर काय बिघडतंय?"

"तुझ्या मायेनं माझी चार वर्षं मातीत घातली," मी म्हणालो. आणखीही बरंच बोललो. ते लिहायची मला लाज वाटते, पण बोलताना वाटली नव्हती.

परसातला आड तिनं हट्टानं खणून घेतला होता. त्यासाठी कानातलं मोडलं. माहेरी ती लहानपणी विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला म्हणायची, "पाणी घाला वं माय." कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायची, नाहीतर उन्हात थांबायची. हे तिनं मला शंभरदा सांगितलं होतं. मला तोंडपाठ होतं.

तरी मी पत्र्याचं झाकण केलं, कडी बसवली आणि आडाला कुलूप घातलं. काम चोख झालं होतं. सकाळी मी घरापुरत्या दोन घागरी शेंदायचो आणि किल्ली करदोड्याला बांधून शाळेत जायचो. घरात आम्ही मायलेक दोघंच. दोन घागरी पुरेत, असा माझा हिशोब.

एक दिवस शाळेतून परस्पर पेडगावला गेलो. एकाचं इंजिन बंद पडलं होतं, त्याच्या नादात दिवस मावळला. घरी आलो तर आई परसात बसलेली. आडाजवळ नाही, चार पावलं लांब. पुढं रिकामी घागर. दुसरी मांजरानं लवंडली होती. ओठ पांढरे पडले होते.

"हितं काय करायलीस?"

"वाट बघायलेय."

माझा पारा चढला. चूक आपली असली की तो लवकर चढतो. "शेजारी मागायचं होतं की घोटभर."

"मागायचंच व्हतं तर आड कशाला खांदला, लेकरा?"

मी कुलूप उघडलं नाही, हातोड्यानं तोडलं. झाकण उपसून ओसरीवर फेकलं. पाणी शेंदून तिच्या हातात तांब्या दिला. तिनं तो खाली ठेवला आणि ओंजळ पुढं केली. मी ओतत राहिलो.

दुसऱ्या दिवशीपासून तिनं आडाच्या दोराला हात लावला नाही. घागर लांब ठेवायची आणि थांबायची. मी रागावलो, पाया पडलो, माफी मागितली. ती "बरं" म्हणायची.

मोसंबी त्या वर्षी फुलली. दिवाळीनंतर फळांनी फांद्या वाकल्या. गोड होती, अगदी साखर. पहिलं फळ सोलून ताटलीत तिच्यापुढं ठेवलं.

"माय, खा."

तिनं ताटलीकडं बघितलं नाही. उठली, घागर घेऊन परसात गेली, आडापासून चार पावलांवर ठेवली आणि माझ्याकडं, पोटच्या पोराकडं, बघत म्हणाली, "पाणी घाला वं, मालक."

मी घातलं.