गेरूखालचं पाणी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी आष्ट्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या पेंढीवरून घासाघीस करत होतो. सुनंदा माझी थोरली लेक, आटपाडीच्या पलीकडं एका वाडीत दिलेली. म्हणाली, "आबा, विहीर तळाला लागली. बायका माझ्याशी बोलत न्हाईत. म्हणत्यात, तुझ्या बापाच्या बोअरनं पाणी वढलं." मी पेंढी होती तिथंच ठेवली आणि घरी आलो.

माझं शिक्षण चार यत्ता, त्यातली चौथी निम्मी. पण मी जेवढ्या विहिरी पाडल्या तेवढ्या कुणा इंजिनेरानं कागदावरही काढल्या नसतील. आधी पहार आणि सुरुंग, नंतर उतारवयात बोअरच्या गाडीवर. कुठं मारायचं, किती खोल जायचं, केसिंगचा पाइप (भोकाची वरची माती ढासळू नये म्हणून आत बसवायचा) किती घालायचा, हे मी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तीन वर्षांमागं जावयाच्या डाळिंबासाठी मीच बोअर मारलं, वाडीच्या पिण्याच्या विहिरीपासून साठ पावलांवर. लोकांनी हरकत घेतली. तेव्हा मी विहिरीच्या काठावर उभा राहून सांगितलं होतं, की मधे गेरू आहे (दोन काळ्या कातळांच्या मधला भाजल्या मातीचा तांबडा थर). वरचं पाणी वरच्या घरात, खालचं खालच्या घरात, त्यांची सोयरीक नाही. माझ्या शब्दावर लोक गप्प बसले.

आता भूजलाच्या ऑफिसातल्या एक मॅडम मोजणी करायला येणार होत्या. दोष बोअरचा निघाला तर ग्रामसभा ते बुजवणार, म्हणजे जावयाची बाग गेली. आणि माझा शब्द गेला. दोन्हींत मला जास्त कशाचं लागलं होतं ते खरं सांगायचं तर शब्दाचं.

सकाळच्या गाडीनं निघालो. पिशवीत एक धोतर, एक सदरा आणि माझा ओळंब्याचा दोर. सांगलीपर्यंत ऊस आणि ऊसच. आमच्याकडं कृष्णा दारात, त्यामुळं पाणी म्हणजे डोळ्यांना दिसतं तेच, असं माणसांना वाटतं. सांगलीला गाडी बदलली. तासगाव आलं, द्राक्षांचे मांडव सुरू झाले. विट्याच्या अलीकडं ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला, की पिशवीतला शिशाचा ओळंबा निसटून गडगडत पुढच्या बाकाखाली गेला आणि एका बाईच्या पायावर बसला. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, "आजोबा, लढाईवर निघालाय व्हय?" मी म्हटलं, तसंच समज.

भिवघाट सोडला आणि मुलूख उघडा पडला. झाडं आखूड झाली, आभाळ मोठं झालं. कुसळाचा माळ, त्यात मेंढरं, आणि वारा असा की टोपी हातात धरून बसावी लागली. कालव्याचं पाणी आता आटपाडीकडं आलंय, पण लेकीची वाडी माथ्यावर, तिथं ते चढत नाही. तिथं विहीर हाच देव.

आटपाडीच्या स्टँडवर जावई मोटरसायकल घेऊन उभा होता. दत्ता त्याचं नाव. फौजेत पंधरा वर्षं काढून आलेला, बोलायला कमी. वाटेत एवढंच म्हणाला, "मामा, तुमी सांगितलंय तसंच निघू दे म्हंजी झालं."

घरी लेकीनं हुलग्याचं माडगं दिलं (हुलगे भाजून दळून केलेली पातळ पेज, वरून लसणाची फोडणी), बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी. मी जेवताना ती दारातून विहिरीकडं बघत होती. सगळ्या बायका पाणी भरून गेल्या तशी तिनं कळशी उचलली. मला ते बघवलं नाही, भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. वाईच्या. वय पस्तिशीचं, डोक्याला टोपी, पायात बूट. त्यांनी महिन्यामागंच विहिरीपासून लांब तीन बारक्या नळ्या जमिनीत बसवून ठेवल्या होत्या. एकीचं तोंड गेरूच्या वर, एकीचं नेमकं गेरूत, एकीचं गेरूच्या खाली पार एकशेऐंशी फुटांवर. मला वाटलं होतं शहरातली बाई यंत्र लावेल, कागद फाडून देईल आणि जाईल. पण तिनं आधी मला विचारलं, "आबा, गेरू किती फुटांवर लागला होता तुम्हाला?"

मी म्हटलं, अठ्ठेचाळीसला सुरू, चौपन्नला संपला. बोअरातनं कुंकवासारखा चिखल उडाला होता. तिनं वही उघडून दाखवली. तिच्या वहीत तेच आकडे होते.

तेवढ्यात बाबू तात्या आले. वाडीतले सगळ्यात जुने गृहस्थ, माझ्याच वयाचे, माझ्या बोअरला पहिल्यापासून विरोध त्यांचाच. विहिरीची खोली मी माझ्या दोरानं मोजायला घेतली. आमचं माप परसाचं (हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस). मागं सहा परस भरलेली विहीर आता सव्वासहा भरायला लागली. मी पुन्हा मोजलं, तरी तेच. मॅडमच्या टेपनं खोली जुनीच दाखवली. तात्या म्हणाले, "हीर खोल न्हाई झाली, पाव्हणं आखूड झालं." सगळे हसले. म्हातारपणी माणूस आटतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी दोर गुंडाळून ठेवला.

मग मॅडमनी त्यांची टेप पहिल्या नळीत सोडली. टोकाला पाणी लागलं की ती टिवटिव करते. वरच्या नळीत तीस फुटांवर वाजली. खालच्या नळीत सोडली तर चाळीस गेलं, साठ गेलं, शंभर गेलं, एकशेदहाला वाजली. दोन नळ्यांत अंतर वावभर (दोन हात पसरले तेवढं), आणि पाण्यात ऐंशी फुटांचा फरक. जन्मभर मी पाणी आडवं शोधत आलो. झरा कुठल्या अंगानं येतो, उतार कुणीकडं, एवढंच. मॅडम म्हणाल्या, "वरच्या पाण्याला खाली जायची लय ओढ आहे, आबा. वाट मिळाली तर ते थांबायचं नाही. वाट आहे का, एवढंच बघायचंय." लय हा शब्द तिच्या तोंडी मला आवडला.

गेरूतल्या नळीत तिनं काठोकाठ पाणी ओतलं आणि वर खूण केली. वरच्या नळीतही ओतलं. वरच्या नळीतलं पाणी तंबाखू मळून होईस्तोवर उतरून पूर्ववत झालं. गेरूतलं हललं नाही. आम्ही जेवून आलो, हललं नव्हतं. ऊन कललं, तेव्हा एक बोटभर उतरलं होतं.

मॅडम वहीत गणित मांडून म्हणाल्या, गेरू पाणी सोडतो, पण असं सोडतो की आज वरून निघालेला थेंब खालच्या कातळात पोचेपर्यंत तुमचा नातू म्हातारा होईल. आणि खालचं पाणी तुमच्या आजोबांच्याही आधीचं असेल. मी पायाखाली बघितलं. तिथं कुसळ होतं, शेळीच्या लेंड्या होत्या. त्याखाली सहा फुटांची तांबडी माती बसून होती आणि एकेक थेंब मोजून खाली सोडत होती, कुणी बघत नसताना, कुणी सांगितलं नसताना. एवढ्या विहिरी पाडून मला हे ठाऊक नव्हतं. मी टोपी काढली. का काढली सांगता येत नाही.

तात्या पुढं आले. "पाव्हणं, तुमचं खरं हाय," म्हणाले. "पावसानंच वढ दिली म्हणायचं." त्या संध्याकाळी दोन बायका सुनंदाच्या दारात येऊन बसल्या. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि तात्यांना डाळिंबं पाठवून दिली.

पण मॅडमच्या मनातून काही जात नव्हतं. गेरू शाबूत, मग लांबच्या नळीत पाणी तीस फुटांवर आणि विहिरीत बेचाळीसवर का? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दत्ताला बोअरातली मोटार वर काढायला लावली. बांबूची घोडी आणि कप्पी लावून आम्ही तिघांनीच ती काढली, वाडी रानात गेली होती. मग तिनं एका तारेला बांधलेला छोटा पंखा बोअरात सोडला, मुठीएवढा. पाणी हललं की तो फिरतो आणि वरच्या डबीत आकडा पळतो. मोटार बाहेर पडलेली, उपसा बंद. बोअरातलं पाणी शांत असायला पाहिजे. पंखा एकशेवीस फुटांवर गेला आणि आकडा पळायला लागला. पाणी खाली चाललं होतं.

"आबा, केसिंग किती फूट घातलंय?"

"वीस. कातळ लागला की केसिंग थांबतं. सगळीच तसं करत्यात."

तिनं आरसा मागितला. दत्तानं घरातला आरसा आणला. उन्हाचा कवडसा मी स्वतः बोअरात धरला. वीस फुटांवर पाइप संपलेला दिसला. त्याच्या खाली, गेरूच्या वरच्या सांध्यातून, पाणी भिंतीवरून झिरपत, चकाकत, दोरीसारखं खाली उतरत होतं. गेरूची तांबडी कड त्यात धुऊन निघालेली, देवळाच्या उंबऱ्यासारखी. त्याच्याही खाली काळोख, आणि काळोखातून पाणी पाण्यावर पडल्याचा आवाज. एवढं देखणं काही मी आयुष्यात बघितलं नाही.

गेरूबद्दल मी बोललो होतो ते खरंच होतं. पण तो मांडायला देवाला किती युगं लागली असतील, आणि त्याला भोक पाडायला मला अर्धा दिवस लागला होता. पाइप थोडक्यात ठेवला तोही चुकून नव्हे. वरचा पाझर बोअरला फुकटात मिळतोय, तो कशाला अडवायचा, असं मीच गाडीवरच्या माणसांना सांगायचो आणि त्यात हुशारी समजायचो.

मॅडम म्हणाल्या, गेरूच्या खालपर्यंत दुसरा पाइप घालून बाहेरून बुजवता येईल, मग विहिरीचं पाणी विहिरीत राहील. दत्ता हळूच म्हणाला, "मामा, वरचं पाणी तुटलं तर निम्मी बाग वाळंल." मग थोडं थांबून, "लोकांना गेरूचं पटलंय आता."

त्याचा अर्थ मला कळला. मॅडमनाही कळला. त्या वही मिटून माझ्याकडं बघत राहिल्या. एवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली. मी तिला आरसा धरून दाखवलं. तिनं बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाली, "ह्ये आमच्या प्यायचं पाणी हाय न्हवं, आबा?"

मी म्हटलं, व्हय.

"मग निम्मी बाग ऱ्हाईना का."

सांजच्याला मी विहिरीच्या काठावर त्याच जागी उभा राहिलो. तात्या म्हणाले, आवं, आता काय राहिलं? मी सांगितलं, "गेरू शाबूत हाय, पण त्याला भोक म्या पाडलंय. पाणी त्यातनं जातंय. पावसाचा दोष न्हाई, जावयाचा न्हाई. माजा हाय." तात्यांनी चंची उघडली आणि पान माझ्यापुढं केलं. ते म्हणाले, "पाव्हणं आखूड झालं म्हटलं ते माघारी घेतो."

पुढचे दोन दिवस मी बोअरावरच होतो. बारका पाइप छप्पन फुटांपर्यंत सोडायचा ठरला. बुजवायचा माल खाली निसटू नये म्हणून पाइपाच्या टोकाला गोणपाट गुंडाळायची युक्ती माझी, मॅडमनी ती वहीत लिहून घेतली. वरून त्यांनी आणलेली फुगणारी माती आणि सिमेंटचा राडा ओतला. माल आळला तशी मी कान लावला. आवाज बंद होता. मग दिवसभर मोटार चालवून मॅडमनी विहिरीत टेप सोडली. पाणी सकाळच्या खुणेवर होतं, केसभर इकडं नाही की तिकडं. सुनंदा सगळ्या बायकांत कळशी भरत होती. बाग कितपत तगेल हे उन्हाळा सांगेल.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. उघडा माळ मागं पळत होता आणि मला तो उघडा दिसेना. आत एकावर एक घरं दिसत होती, प्रत्येकात आपापलं पाणी, आपल्या वेळेनं खाली निघालेलं. आणि मधून मधून माझी भोकं. खानापुरात दोन, विट्याच्या अलीकडं चार, तासगावकडं तर मोजायचीच नाहीत. सगळ्यांत वीस फूट पाइप.

तिकीट सांगलीचं होतं. खानापूरच्या फाट्यावर गाडी थांबली तशी मी पिशवी उचलून उतरलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, सांगली लांब आहे अजून. ठाऊक होतं. रस्त्यापासून कोसभर आत पहिली वस्ती. मळ्याचा मालक मला बघून लगबगीनं पुढं आला. माझा हात धरून शेजारच्याला सांगायला लागला, की ह्यांच्याच हातचं बोअर, दहा वर्षं पाणी तुटलं नाही बघ.

"तुज्या हिरीला पाणी किती हाय रं?" मी विचारलं.

तो म्हणाला, हीर तर कवाच आटली, तिचं काय घेऊन बसलाय.

मी म्हटलं, "बस खाली. तिचंच सांगायला आलोय."