विहिरीत उतरण्याआधी आलेला फोन

गेल्या रविवारी सकाळी मी टँकरच्या रांगेत उभी होते. बीड बायपासला आमच्याकडे रोज नवी बिल्डिंग उभी राहते, नळाला पाणी मात्र नाही. तेवढ्यात फोन वाजला... आठवीतली आरती.

मी बिडकीनजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा दुष्काळामुळे प्रयोगशाळेच्या बेसिनलाही पाणी नाही. म्हणून घरी प्रयोगांचे व्हिडिओ डाउनलोड करते आणि पेनड्राइव्हवरून वर्गातल्या टीव्हीवर दाखवते.

त्याच आठवड्यात एक दाखवला होता. काचेच्या पेटीत पायऱ्यांवर तीन मेणबत्त्या, आणि तळापासून भरत जाणारा कार्बन डायऑक्साइड. सगळ्यांत खालची आधी विझली, मग मधली... तेव्हा आरतीनंच विचारलं होतं, "मॅडम, विहिरीत पण असंच व्हतं का?" मी म्हटलं, जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत होऊ शकतं, आणि तिथं उतरलेला माणूस गुदमरतो.

आरतीच्या घरी मेंढ्या आहेत आणि थोडी शेती. मेंढ्यांना पाणी उरलं नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं झाकून ठेवलेली विहीर उघडून गाळ काढायचा बेत होता.

"मॅडम, काका विहिरीत उतरायलेत... माझं कुणीच ऐकंना!" ती रडतच होती. मी म्हटलं, बाबांना फोन दे.

"मॅडम, लहानपणापासून उतरतो आमी विहिरीत. पोरगी उगं घाबरायली," तिचे बाबा म्हणाले. आवाजात राग होता.

"दादा, माझं एकच ऐका. आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडा. विझला तर कुणीच उतरू नका... आणि वाकून पण बघू नका."

त्यांनी फोन परत आरतीकडे दिला. तिनं तो चालूच ठेवला. लांबून माणसांचे आवाज, मेंढ्यांचं ओरडणं... माझा नंबर आला, मी मागच्या काकूंना पुढं जाऊ दिलं.

"मॅडम, विझला! निम्म्यातच विझला!" आरती ओरडली.

त्यांनी पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला. मग बाबा फोनवर आले, आवाज पार बसलेला. "भावाच्या कमरेला दोर बांधला व्हता मॅडम... एक पाय आत व्हता त्याचा."

मी तिथंच बादली पालथी घातली आणि बसले. त्यांनी विहिरीवर पत्रे टाकले, हे ऐकल्यावरच फोन ठेवला.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी आरतीला सोडायला एक तरुण माणूस गाडीवर आला होता. मी जवळ गेले तर त्यानं हात जोडले. "मॅडम, उतरणार व्हतो तो मीच."

तो व्हिडिओ बनवणारा कोण, कुठला, मला माहीत नाही. पण त्या माणसाचे आभार मानावेत असं फार वाटतंय. आणि आरतीचे तर त्याहून जास्त... मी फक्त शिकवलं होतं, मोठ्या माणसांपुढं ती ठामपणे उभी राहिली.