काकींच्या वाटणीची मालिका

रविवारी संध्याकाळी सात वाजले की मराठी वाहिन्यांच्या अंगात येतं. आठवडाभर अर्धा-अर्धा तास रडणाऱ्या सगळ्या सुना त्या दिवशी दोन-दोन तासांचा महाएपिसोड घेऊन येतात, आणि त्याही एकाच वेळी. हे बघावं की ते, हा प्रश्न हाटकेश भागातल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन बायकांनी कायमचा सोडवला होता. एक माझी आई, दुसऱ्या शेजारच्या काकी, मूळच्या रत्नागिरीकडच्या. दोघींनी चक्क वाटणी केली होती. वकिलांच्या घरातली मालिका आईने बघायची, आंबेवाल्यांची काकींनी. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले की दोघी आपापल्या दारात उभ्या राहून आपापल्या वाट्याचं सांगायच्या.

मोबाईलवर सगळं पुन्हा बघता येतं, हे मी शंभरदा सांगून पाहिलं. "मग सोमवारी बोलायचं काय?" आई म्हणायची. मी त्यांची टर उडवायचे. दोन तासांत एक बाई जिना उतरते, एवढीच ती गोष्ट, असं म्हणायचे. पण आई तेवढंही इमानदारीने बघायची. पाणी प्यायलासुद्धा जाहिराती लागल्यावरच उठायची. आपला भाग अर्धवट बघून काकींसमोर उभं राहायची तिला लाज वाटायची.

त्या रविवारी साडेसातच्या सुमाराला तिने छातीवरून हात फिरवला. जड वाटतंय म्हणाली. मी लगेच चपला घातल्या, रिक्षा बघते म्हटलं.

"एवढं होऊ दे गं. कोर्टाचा निकाल लागतोय. काकींना काय सांगू उद्या?"

आणि मी चपला काढून तिच्याशेजारी बसले. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. तिला ॲसिडिटी नेहमीचीच होती म्हणून मी बसले. आणि खरं सांगायचं तर निकाल काय लागतो ते मलाही बघायचं होतं.

नऊला निघालो. डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." पहाटे आई गेली. सोमवारी सकाळी तिला घेऊन आम्ही वर आलो तेव्हा काकी आपल्या दारात उभ्या होत्या.

तेरावं झाल्यानंतरच्या सोमवारी बेल वाजली.

"आंबेवाल्यांच्या घरी काय झालं म्हाईत हाय?" काकींनी दारातूनच सुरुवात केली. मला अशी चीड आली की दार लावून घ्यावंसं वाटलं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून आत, आईच्या खुर्चीकडे बघून सांगत होत्या. सांगून झाल्यावर त्या थांबल्या. आता माझी पाळी होती आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

पुढच्या रविवारपासून मी वकिलांची मालिका बघायला लागले. सात वाजले की आईची खुर्ची मोकळी ठेवते आणि स्टुलावर बसते. खलनायिका आली की शेजारून कुणीतरी च्यक् करतं. भास असेल, पण मला ऐकू येतं, आणि त्याची मला भीती वाटत नाही. साडेसातला मात्र वाटते. तेव्हा मी टीव्ही सोडून खुर्चीकडे बघत राहते, दर रविवारी, आणि तेवढी गोष्ट माझी सुटते. काकींना ती मी मनाने जोडून सांगते.

मागे एका रविवारी वकिलांच्या जागी कसलासा पुरस्कार सोहळा लागला, म्हणून मी काकींची वाहिनी लावली. तिथे आंबेवाले नव्हतेच. पोलिसांची कुठलीतरी नवी मालिका चालू होती. मोबाईलवर शोधलं, तर आंबेवाल्यांचा शेवटचा भाग होऊन दोन महिने झाले होते.

मग दोन महिने काकी काय सांगत होत्या? मी एकेक सोमवार आठवत गेले. दोन महिने आंबेवाल्यांची सासू आजारी होती. टीव्ही बघता बघता तिच्या छातीत दुखलं, मुलीने ताबडतोब टीव्ही बंद केला, रिक्षा केली, वेळेवर हॉस्पिटलात नेलं. आदल्या सोमवारपर्यंत सासू उठून बसून पेज खायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. सासू आता चालायला लागली, म्हणाल्या. गप्प राहून ऐकायचं असं मी ठरवलं होतं, पण तोंडातून निघालंच.

"काकी, मी टीव्ही बंद नव्हता केला. तिला दुखत होतं आणि मी नऊ वाजेपर्यंत बसून राहिले."

काकींनी दाराची चौकट धरली.

"म्हाईत हाय, बाय. भिंतीतनं आवाज येत व्हता ना. मला तर ती दुपारीच बोललेली, छाती भरून येतेय म्हणून. मी बोलले, संध्याकाळी येऊन बघून जाते तुला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मग माझं आंबेवाल्यांचं सुरू झालं. तुमचा टीव्ही ऐकला, म्हटलं बघतेय म्हंजे बरी हाय. म्हटलं, उद्या सांगंल."

लिफ्ट वर येऊन परत खाली गेली. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो आला नाही. स्वतःचा होता तो जागच्या जागी राहिला.

त्यांनी डोळे पुसले.

"पुढच्या सोमवारी हॉस्पिटलातनं घरी आणू तिला?"

"नको, काकी," मी म्हटलं. "घरी आली की ती परत टीव्ही लावायला सांगेल."