माग थांबला की

प्राचीने आत्महत्या केली. आज वर्ष झालं. 'अचानक गेली' असं मी लिहिणार नाही.

ती माझी मामेबहीण. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात होती. वडगावात त्यांच्या घरातच पॉवरलूम आहे. मामांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. मला पहिली अक्षरं त्यांनीच शिकवली, शाळेच्याही आधी.

त्या घरात मागाच्या खडखडाटात सगळे ओरडूनच बोलतात.
आप्पा माग थांबवायचे ते फक्त रागवायला.

आवाज बंद झाला की प्राची आपोआप मागापाशी येऊन उभी राहायची. मान खाली.

"किती पडले?"
"आप्पा, मी..."
"मार्क्स सांग. बाकी काय नको."

आप्पांनी तिच्यावर कधी हात उचलला नाही. हे लिहायलाच हवं. कारण कधी एकच नसतं, असं तिच्या कॉलेजच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या. तेही लिहायला हवं.
पण तिच्या 'मी'च्या पुढचं आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही.

ती गेल्यावर आप्पा माग थांबवेनात. सूत संपलं तरी माग रिकामा चालूच.

"बंद करा की वो," मामी म्हणाली.
"थांबला की ती येऊन उभी ऱ्हातीया."
अगदी साध्या आवाजात. पाणी आण म्हणावं तसं.

आज दुपारी वर्षश्राद्धाची जेवणं उरकली आणि आप्पांनी पुन्हा माग लावला.
थोड्या वेळात करंट गेला.

एकदम शांत.

आणि मागापाशी ती उभी होती. मान खाली. प्राचीचा निळा ड्रेस.
मामीच्या हातातलं ताट पडलं.

"आप्पा, मी काय केलं न्हाय."

तनू होती. प्राचीची धाकटी बहीण. दहावीतली. ताईचा ड्रेस घातलेली.

आप्पा बघतच राहिले. मग फरशीवर बसले.
"करंट गेलाय गं नुसता. बस."
ती बसेना.
"काय बोलायचं असंल तर बोल."
"मला सायन्स नको."

आप्पांचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला.

तेवढ्यात करंट आला. माग धडधडायला लागला.
आप्पा उठले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"परत सांग, बाळ. नीट ऐकू आलं न्हाय."

तनूने परत सांगितलं. मग पुढचंही सांगितलं. ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

प्राची, तनूकडं आम्ही बघतोय.
तू हवी होतीस गं.