सामाईक गच्ची

अठरा एप्रिल. सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडत होते. बोटांची आग होत होती. मी विकते ते तिखट आणि शेंगाचटणी या मिरच्यांवरच, आणि त्या वाळतात आमच्या नि शेजाऱ्यांच्या सामाईक गच्चीवर. शेजारच्या मावशींच्या मुलाला तिथं पत्र्याची खोली बांधून भाड्यानं द्यायची होती. फक्त माझ्या संमतीवाचून अडलं होतं.

दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, लई झालं आता. हो म्हणा, न्हाय तर मिरच्या गटारीत फेकतो."

"फेक की. फेकताना डोळ्याला हात लावू नको फक्त."

तो तणतणत गेला. मी पुन्हा खुडायला लागले. असल्या धमकीला तोंडावर उत्तर देता येतं.

संध्याकाळी मावशी आल्या, वाटीत गरम हुग्गी, गव्हाची खीर, घेऊन. शेजारी बसून चार देठही खुडले.

"पोरगं तापट हाय, मनावर घेऊ नको." मग थोडं थांबून, "तुजी लेक क्लासवरनं आठला येती न्हवं? एकटीच. बोळात दिवा बी न्हाय. पर तू घोर करू नको. आमचा पोरगा तितंच बसलेला असतोय दोस्तांसंगं. ध्यान असतंय त्याचं. तेवढं गच्चीचं बघ की."

माझा हात थांबला. भांडावं तर त्या वावगं काहीच बोलल्या नव्हत्या.

आठच्या आधीच मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तो कट्ट्यावर होता. माझ्याकडे बघून हसला. लेकीला घेऊन घरी आले, तिला काही सांगितलं नाही. पण रोज किती दिवस उभी राहणार होते? हुग्गीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. गल्लीतल्या सगळ्या बायका नळावर होत्या. हुग्गी काढून वाटी धुतली होती. रिकामी परत देत नाहीत, म्हणून तिच्यात मूठभर मिरच्या घातल्या आणि सगळ्यांदेखत मावशींच्या हातात दिली.

"मावशी, गच्चीला माझी ना आहे. आणि माझी लेक बोळातून येते तेव्हा तुमचा मुलगा तिच्यावर ध्यान ठेवून असतो म्हणालात, ते लक्षात ठेवलंय. तिला काही झालं, तर पहिली तुमच्याच दारात येईन."

मग कोणीतरी विचारलं, "पोरीवर ध्यान? ते कशापायी, मावशी?"

"आगं, मी आपली काळजीनं..."

मी घागर भरली, घरात ठेवली आणि मिरच्यांचं पोतं घेऊन गच्चीवर गेले.