पूर्णाकाठचा समुद्र

"यांना समुद्र दाखवलात का?" डेप्युटींनी विचारलं.

मी वर्गाकडे पाहिलं. पाचव्या इयत्तेत सात मुलं उरली होती. त्यातल्या दोघांनी अकोलाही पाहिलेलं नव्हतं, आणि ते आमच्या गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर होतं. समुद्र किती दिवसांवर होता ते मलाही ठाऊक नव्हतं. माझा जन्म वाईचा. आमच्याकडे घाट होते, समुद्र नव्हता.

डेप्युटी म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर. हे गृहस्थ पुण्याहून आलेले. टापटीप पागोटं, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि खिशात नवं सर्क्युलर. त्यात लिहिलं होतं की भूगोल पाठ करून घेऊ नये, प्रत्यक्ष दर्शनानं शिकवावा. पुढे उदाहरण दिलं होतं: 'समुद्रकाठची झीज शिकवताना मुलांस किनाऱ्यावर न्यावे, खुंट्या ठोकाव्यात व पावसाळ्याआधी आणि नंतर माप घ्यावे.' लिहिणारा किनाऱ्यावरच राहत असावा. ते पत्रक जसंच्या तसं वऱ्हाडात आलं होतं.

मी म्हटलं, "इथून समुद्र लांब आहे."

"अडचणी सर्वांनाच असतात," ते म्हणाले.

एका मुलानं मधेच विचारलं, "साहेब, तुमी पाह्यला काय समुद्र?"

डेप्युटींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "नकाशात."

जाताना त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पाचवीत मुलं नाहीत, असलेल्यांना भूगोल येत नाही. मार्गशीर्षात पुन्हा येईन. तोवर बाकं भरली नाहीत तर हा वर्ग बंद करण्याची शिफारस अमरावतीच्या कचेरीत करीन. मग ज्याला पुढे शिकायचं तो अकोल्याला जाईल. म्हणजे कोणीच जाणार नाही, हे त्यांनाही कळत होतं.

बाकं रिकामी होण्याचं कारण अमेरिकेत होतं. तिकडे लढाई लागली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. एका हातानं जेवढा कापूस वेचला जाई तेवढा मोलाचा होता. अशा वेळी पोराला आखात म्हणजे काय हे शिकवायला पाठवणारा बाप वेडाच म्हणायचा. गावात वेडे फार नव्हते.

मी किनाऱ्याच्या जागी पूर्णा नदी घेतली. तिचे काठ उंच, उभे आणि काळ्या मातीचे. पाणी कड्याचा पाया पोखरतं, वरचा भाग ढासळतो, हे समुद्रात होतं तसंच नदीतही होतं. जमिनीचं टोक पाण्यात घुसलं तर ते भूशिर, पाणी जमिनीत घुसलं तर आखात, आणि लाटांनी वाहून आणलेल्या वाळूची लांबट रास म्हणजे दांडा. ही तिन्ही मुलांना पूर्णेच्या एका वळणावर दाखवता आली. समुद्राचं पाणी खारट असतं हे सांगायला तर काहीच कष्ट पडले नाहीत. आमचा भाग खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.

"मंग समुद्र आमच्या विहिरीत हाय," एक जण म्हणाला. मी ते उत्तर बरोबर धरलं.

ज्येष्ठात आम्ही नदीच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटी काठापासून दहा पावलं आत, एकेका बाभळीच्या खोडाला टेकून. खरं म्हणजे बाभळीलाच चुना फासून भागलं असतं. पण सर्क्युलरात खुंटी लिहिली होती. पावसाळ्यानंतर खुंटीपासून काठ किती उरला ते मोजायचं. जेवढी पावलं कमी, तेवढी झीज.

अलीकडचा काठ गणूजी पाटलांच्या वावराचा. ते तिथे आले आणि विचारलं, "हे काय करून राहिले, मास्तर?"

मी त्यांना लाटा, कडे, भूशिर सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "सरकारी हाय ना हे?"

मी म्हटलं, हो, सर्क्युलर सरकारी आहे.

ते मान हलवून गेले. पलीकडच्या काठावर सदोबांचं वावर. त्यांनी काहीच विचारलं नाही. ते पाटलांचं पाहून चालत.

त्या वर्षांत वऱ्हाडात सरकारी पैमाश चालू होती. साखळ्या घेतलेली माणसं शेतं मोजत आणि सारा ठरवत. पूर्वी मोजणीवाला आला की वऱ्हाडातली जमीन आपोआप आक्रसायची. जेवढी कमी, तेवढा सारा कमी. कापसाच्या तेजीत उलटं झालं. वीतभर माती कोणी सोडेना. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात समुद्र होता.

पाऊस लागल्यावर काळ्या मातीत पाय रुतायला लागले आणि नदीकडे जाणं बंद झालं. पूर आला, ओसरला. मार्गशीर्षात डेप्युटी आले. कापूस वेचणी ऐन भरात होती. वर्गात पाच मुलं.

ती पाच मुलं घेऊन आम्ही काठावर गेलो. खुंट्या अगदी कडेला उभ्या होत्या. पुढे एक पाऊल टाकलं असतं तर डेप्युटी पूर्णेत गेले असते.

"दहा पावलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज भारावला होता. "एका पावसाळ्यात दहा पावलं काठ नाहीसा झाला. मास्तर, हे निरीक्षण वर कळवलं पाहिजे."

मी मागे पाहिलं. बाभळी आपल्या जागी होत्या. खुंट्या त्यांना सोडून नदीकडे चालत आल्या होत्या.

मी त्यांना ते दाखवलं. खुंट्या कोणीतरी हलवल्या आहेत, हे माप खोटं आहे, असं स्पष्ट सांगितलं. पुन्हा सांगितलं. बाभळीपाशी नेऊन उभं केलं.

ते म्हणाले, "सर्क्युलरात झाडाचा उल्लेख नाही. खुंटी आणि काठ, एवढंच माप. प्रत्यक्ष दिसतं ते तुम्ही नाकारता, आणि भूगोल शिकवता?"

त्यांनी माप लिहून घेतलं. रिकाम्या बाकांचंही लिहून घेतलं. होळीनंतर वर्ग उठेल असं सांगून गेले. वाटेत तहसीलदारांकडे मुक्काम होता. तिथे त्यांनी आपलं निरीक्षण हौसेनं ऐकवलं.

तहसीलदारांना भूगोलाची आवड नव्हती. पण दहा पावलं रुंद जमीन नदीनं नेली असेल तर ती पाटलांच्या नावावर ठेवता येत नाही, एवढं त्यांना कळलं. त्यांनी कारकून पाठवला.

मला चावडीवर बोलावणं आलं. पाटील उभे होते. सारा गाव जमला होता.

"माही जमीन नदीनं खाल्ली, असं तुमी सांगतलं?" पाटील मला म्हणाले.

"मी नाही. खुंट्यांनी सांगितलं."

"खुंट्या म्या सरकवल्या," पाटील कारकुनाकडे वळून मोठ्यानं म्हणाले. "मले वाटलं, खुटीपलीकडलं वावर सरकार घेते. म्हून म्या त्या पान्याशी नेऊन ठोकल्या. कोनाच्या बापाची चोरी नाई केली. माही माती जागच्या जागी हाय."

मग सदोबांकडे सगळे पाहू लागले. ते म्हणाले, "पाटलानं सरकवल्या, म्हून म्याई सरकवल्या."

कारकून शहाणा माणूस होता. त्यानं पुन्हा मोजायचं ठरवलं, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनाच मोजायला लावलं; त्यांत सदोबांचा थोरलाही होता. या वेळी बाभळीपासून. सर्क्युलर जवळ नसल्यानं काम लवकर झालं. पाटलांचा काठ वळणाच्या बाहेरच्या अंगाला, तिथे पाण्याचा मार जास्त. तो एक पाऊल आणि वीतभर झिजला होता. सदोबांचा काठ आतल्या अंगाला. तिथे गाळ साचून जमीन थोडी वाढली होती. नदी किंवा समुद्र एकीकडचं खातो आणि दुसरीकडे टाकतो, हे मी वर्षभर सांगत होतो. त्या दिवशी ते गावाला एका दमात कळलं.

"पाटलाची माती माह्या वावरात आली," सदोबा म्हणाले. त्यांनी हसायला नको होतं.

"तुह्या पोट्ट्यानं मोजलं ना ते?" पाटील म्हणाले. "माहा पोट्टा कुठं होता?"

त्यांचा मुलगा कापूस वेचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत आला. सदोबांच्या मुलावर नजर ठेवायला. ते कळल्यावर सदोबांनी धाकटाही पाठवला. मग वळणाच्या खाली ज्यांची ज्यांची वावरं होती, त्यांनी विचार केला की काठाचं माप या दोन घरांच्या हाती ठेवणं बरं नव्हे. होळीच्या आधी वर्गात बाकं कमी पडली. काही मुलं जमिनीवर बसली.

होळीनंतर डेप्युटी वर्ग उठवायला आले. भरलेला वर्ग पाहून उभेच राहिले. एका मुलाला त्यांनी आखात म्हणजे काय ते विचारलं.

तो म्हणाला, "पान्यानं दुसऱ्याचं वावर खाल्लं म्हंजे आखात. आपलं खाल्लं म्हंजे नुसकान."

वर्ग राहिला. प्रत्यक्ष दर्शनाच्या पद्धतीचं हे यश आहे, असं रिपोर्टात गेल्याचं मला नंतर कळलं.

पुढे मी त्या शाळेत बरीच वर्षं होतो. दर ज्येष्ठात माप घ्यायला अख्खा वर्ग यायचा, आणि वर्गामागे बाप. खुंट्या पुन्हा कोणी हलवल्या नाहीत. मुलांना ज्ञानाची गोडी लावावी असं खात्याचं सांगणं असे. मी तसा प्रयत्न केला. ती लागेपर्यंत शेजाऱ्याचा संशय पुरतो.